येसाजी आणि कार्टूनची मगर

आमच्या येसाजीला तुम्ही पाहिलं असेल, पण ओळखलं नसेल. रविवारी सकाळी दहा वाजता पोरांच्या चॅनेलवर ‘चांगू डोहाबाहेर’ लागतं, त्यातले पांढऱ्या मिशांचे, टोपीवाले आप्पा म्हणजे तो. चांगू ही मगर. ती कार्टूनची, चितारलेली. बाकी सगळं खरं. अंगण खरं, कोंबड्या खऱ्या, आप्पा खरे. हा चांगू सावित्री नदीच्या डोहातून वर येतो आणि गावात कामधंदा शोधतो. कधी पोस्टमन होतो, कधी बालवाडीचा मास्तर, आणि दर वेळी घोटाळा करून ठेवतो. मधेच तो डोहातल्या आपल्या मावश्या-मामांच्या गोष्टी सांगायला लागला की सगळंच कार्टून होतं, पाणीसुद्धा. माझी नात अक्षदा सात वर्षांची. ती हसून हसून पलंगावरून खाली येते. मीही हसतो, पण मला आतलं ठाऊक आहे. शूटिंगच्या वेळी ती मगर म्हणजे मी असतो.

ते कसं, ते सांगतो. पण आधी येसाजी.

शिवथरच्या खोऱ्यात आमचं गाव. खालच्या आळीत त्याचं घर, वरच्या आळीत माझं. गावच्या शाळेत एका गोणपाटावर बसून आम्ही सातवी काढली. पुढे मी शेती करून बैलांचा व्यापार केला, त्याने शेती करून गाऱ्हाणं सांभाळलं. गाऱ्हाणं म्हणजे काय, ते आमच्याकडे पोरालाही सांगावं लागत नाही, पण तुमच्यासाठी सांगतो. शिमग्याला भैरीदेवाची पालखी निघण्याआधी गावातर्फे एकजण देवापुढे उभा राहतो, हात उचलतो आणि बोलतो. गावात काय झालं, कुणाचं काय दुखलं, कोण मुंबईला आहे, कोण दुबईला, सगळं देवाला नावानिशी सांगतो. तो जरा थांबला की गाव हुंकार देतं, “व्हय म्हाराजा.” हा मान येसाजीच्या घराचा. त्याच्या बापाचा होता, बाप गेल्यावर बाविसाव्या वर्षी त्याच्याकडे आला.

आणि माणूस बोलायचा कसा. देव जणू समोर पाटावर बसून पान लावतोय आणि हा त्याच्याशी घरचं बोलतोय. गावातला एकही गैरहजर माणूस तो कधी विसरला नाही. मस्कतला गेलेल्या एका पोराचं नाव त्याच्या घरचे घ्यायचे बंद झाले होते, काही भांडण होतं. येसाजीने ते नाव भर गाऱ्हाण्यात घेतलं. पोराची आई मागे बसली होती. तिने डोळ्याला पदर लावला आणि दोन महिन्यांनी पोरगं घरी आलं. देवाने आणलं की आईने फोन केला, ते मला विचारू नका.

महाडचा मुराद ट्रकवाला एकदा अडचणीत होता. त्याच्या दोन गाड्या वरंधा घाटात दरड पडून अडकलेल्या. शिमग्याच्या सकाळी नारळ घेऊन देवळात आला आणि येसाजीला म्हणाला, “आमचा दुवा आम्ही केलाच हाय. तुझ्याकडनं पण एक शब्द टाक.” बरोबर त्याची सहा-सात वर्षांची मुलगी होती, तसनीम. ती देवळाच्या पायरीशी उभी राहून तोंड उघडं टाकून ऐकत होती.

तीच तसनीम मोठी झाली, पुण्याला कार्टून काढायचं शिकली, आणि चार माणसं, दोन कॅमेरे घेऊन आमच्या गावात आली. येसाजीचं अंगण तिला हवं होतं, कारण मागे डोंगर सरळ उभा दिसतो. आप्पाचं काम करायला तिने पुण्याहून एक नट आणला होता. भला माणूस. पण त्याला बोलायचं होतं कुणाशी, तर मगर तिथे नाहीच. मगर नंतर कॉम्प्युटरवर काढायची. तोवर मगरीच्या डोळ्यांच्या उंचीवर काठीला एक पिवळा चेंडू लावून कुणीतरी उभं राहायचं. ती काठी तसनीमने माझ्या हातात दिली. म्हणाली, “मुरारीकाका, हलू नका. तुम्ही चांगू आहात.”

मी हललो नाही. पण त्या नटाची नजर चेंडूवर टिकेना. चेंडूवरून घसरून माझ्या तोंडावर यायची आणि तो हसायचा. माझं तोंड हसण्यासारखं आहे, ते मला मान्य. सकाळ गेली तरी एक वाक्य धड झालं नाही. येसाजी ओटीवर बसून सुपारी कातरत होता. शेवटी न राहवून म्हणाला, “पावणं, चेंडूशी बोलू नका. चेंडूच्या मागं जो हाय, त्याच्याशी बोला.”

नट म्हणाला, “मागे कुणीच नाहीये हो, काका.”

“नाय कसा? तुम्ही हाक मारा, तो येतो.”

आणि उठून त्याने दाखवलं. काठीकडे बघून म्हणाला, “काय रे चांगू, पाय पुसून ये. आत्ताच सारवलंय.” देवाशप्पथ सांगतो, मी माझे पाय बघितले. तसनीमने कॅमेरा चालूच ठेवला होता. दुपारच्या जेवणाआधी येसाजी आप्पा झाला, आणि तो नट मालिकेतला विसरभोळा डॉक्टर झाला. तोही आता सुखात आहे, कारण डॉक्टरला मगरीशी बोलावं लागत नाही, मगर बघून तो नुसता चक्कर येऊन पडतो.

चार भाग झकास गेले. पाचव्यात घोळ झाला.

पाचव्या भागात चांगू एसटीचा कंडक्टर होतो. तिकीट द्यायला तो दात विचकतो आणि पॅसेंजर खिडकीतून उड्या टाकतात. नोकरी जाते. चांगू नाराज होऊन पुन्हा डोहात निघतो आणि आप्पा त्याला थांबवतात, असा शेवट. नदीच्या कोंडीवर शूटिंग होतं. कोंड म्हणजे नदीतली खोल जागा, आमच्याकडे तिथे मगरी नाहीत, खाली महाडकडे आहेत. अर्धं गाव बघायला आलेलं. मी गुडघाभर पाण्यात काठी धरून उभा. तसनीमने लिहून दिलं होतं, “चांगू, जाऊ नकोस, हे तुझंच घर आहे.” आता येसाजीला पाठांतर जमतं, पण कळकळ आली की त्याचा हात वर जातो आणि आवाज त्याच्या बापाचा होतो. तो म्हणाला, “बाबा रे चांगू, वाट चुकून आमच्या दारी आलास. आलाच हायस तर ऱ्हा. पोरासोरांना हसव, आणि कुणाला चावू नको.”

आणि जरा थांबला.

काठावरच्या साठ माणसांनी एका आवाजात हुंकार दिला, “व्हय म्हाराजा.”

आवाजाचं यंत्र सांभाळणाऱ्या पोराने कानावरचे डबे काढून टाकले. तसनीम हात जोडून लोकांना म्हणाली, “कुणी बोलू नका हं, प्लीज.” सगळ्यांनी मान हलवली. पुन्हा घेतलं, पुन्हा हुंकार. तिसऱ्या वेळी लोकांनी तोंडावर हात धरले, आणि हाताआडून हुंकार आला. काय करणार, जन्मल्यापासून कानाला तीच सवय. येसाजी थांबला की तोंड आपोआप उघडतं. माझंही उघडलं, पण मी मगर होतो म्हणून चाललं.

तसनीम दगडावर बसून आधी वैतागली, मग हसायला लागली. म्हणाली, “राहू दे. हेच ठेवते.” आणि घरी जाऊन तिने काय करावं? कोंडीच्या काठावर कार्टूनचे बेडूक काढले, खेकडे काढले, एका पायावरचा बगळा काढला, आणि गावाचा हुंकार त्यांच्या तोंडी दिला. तो भाग लागला त्या दिवसापासून महाड-पोलादपुरातल्या शाळांत मास्तरांना “हजर” ऐकू येईना. हजेरी घेतली की पोरं म्हणत, “व्हय म्हाराजा.”

मग मुंबईकर मंडळाचा फोन आला.

आमच्या गावचे मुंबईकर शिमग्याला येतात, पालखीचा खर्च, मांडव सगळं बघतात, आणि गावापेक्षा जास्त नियम त्यांनाच पाठ. त्यांचा सेक्रेटरी प्रवीण. वाईट पोरगा नाही, पण कागद घेतल्याशिवाय बोलत नाही. तो शिमग्याच्या पंधरा दिवस आधी येऊन येसाजीच्या ओटीवर बसला. म्हणाला, “काका, देवापुढचे शब्द तुम्ही एका कार्टूनसमोर घातलेत. वर बेडकांच्या तोंडी हुंकार. रविवारी बैठक आहे. मंडळाचं म्हणणं, यंदापासून गाऱ्हाणं दुसऱ्याने घालावं.”

येसाजीने हातातला चहा खाली ठेवला. प्रवीण गेल्यावरही घेतला नाही. बनुबाई, त्याची बायको (घरात ही दोघंच), चहाचा कप उचलायला आली. म्हणाली, “अवो, देवानं तोंड फिरवलं नाय, प्रवीणनं फिरवलंय. तुम्ही चहा का तसाच ठेवलात?”

येसाजीने तसनीमला निरोप धाडला, बैठक होईतोवर काम बंद. मी त्याच्याबरोबर शेताच्या बांधावर जाऊन बसलो. विचारलं, “मंडळ म्हणालं, चांगूला सोड नायतर गाऱ्हाणं सोड, तर?”

“चांगूला सोडीन,” तो म्हणाला. मग त्याने नांगरलेल्या मातीतलं एक ढेकूळ उचलून हातात फोडलं. “बापसाचा फोटो नाय माझ्याकडं, मुरारी. तो कसा बोलायचा तेवढं हाय. वर्षातनं एकदा मला तो ऐकू येतो. ते गेलं तर बापूस दुसऱ्यांदा गेला.”

 

रविवारी सकाळी देवळात बैठक भरली. पुरुष सभामंडपात, बाया पायऱ्यांवर, पोरं कुठेही. तसनीमही वडलांना घेऊन आली होती, बाहेर पाराला टेकून उभी. प्रवीणने कागद वाचला. मग म्हणाला, “ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी पुरावा दाखवतो.” त्याने मोबाइल उंच धरला, त्याला एक छोटा स्पीकर जोडला आणि पाचवा भाग लावला, बरोबर कोंडीवरचा.

स्पीकरमधून येसाजी बोलला, “आलाच हायस तर ऱ्हा. पोरासोरांना हसव, आणि कुणाला चावू नको.”

आणि अख्खी बैठक म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

स्पीकरमधल्या बेडकांच्याही आधी. मी प्रवीणच्या शेजारीच बसलो होतो. त्याचेही ओठ हललेले मी पाहिले, आणि आवाजही आला. त्याने मोबाइल खाली घेतला. पायऱ्यांवर बाया पदरात तोंड घालून हसत होत्या.

येसाजी तेव्हा पहिल्यांदा उठला. म्हणाला, “मी यात देवाचं नाव घेतलं काय? ज्यानं ऐकलं त्यानं सांगा.”

घेतलंच नव्हतं.

“मी मगरीला सांगितलं, चावू नको. मगरीला दुसरं काय सांगणार? हुंकार मी मागितला नाय. तो तुम्ही दिलात. तवा कोंडीवर तीनदा दिलात, आणि आता देवळात बसून चौथ्यांदा.”

सभामंडपात चुळबुळ सुरू झाली. प्रवीणने कागद उलटा केला. मागे काही लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात पायरीवरून ठकूबाई बोलली. ती आमच्या गावातली सगळ्यात म्हातारी, तिच्यापुढे सरपंचही टोपी काढतो. “म्हंजे चुकी येसाजीची नाय, गावाची हाय. मग गावानं देवाची माफी मागायला होवी. आजच मागा. शिमग्यापर्यंत उष्टं तोंड ठेवू नका.”

एकजण म्हणाला, “बरोबर हाय.” दुसरा म्हणाला, “मागायलाच होवी.” मग सगळे एकमेकांकडे बघू लागले.

“मागणार कोण?” ठकूबाईने विचारलं. “प्रवीण, तू मागतोस?”

“मला कुठं येतं, आजी,” प्रवीण म्हणाला.

“तुझ्या मंडळात कुणाला येतं?”

प्रवीणने मंडळींवर एकदा नजर फिरवली. मग कागदाची घडी खिशात घातली, देवापुढचा नारळ उचलला आणि स्वतः येसाजीच्या हातात दिला. म्हणाला, “काका, घाला.” चांगूबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही, आणि आम्हीही काढू दिलं नाही.

येसाजीने टोपी सारखी केली. डोळे मिटले. हात वर गेला.

“बा भैरीदेवा म्हाराजा,” तो म्हणाला, “आज ही तुझी लेकरं आडवेळेला तुझ्या दारात जमली हायत.” आणि थांबला.

एकही हुंकार नाही. प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघतोय, की बाबा, ही जागा बरोबर आहे ना, आता दिलेला चालतो ना.

येसाजीने एक डोळा उघडला. “अरे मेल्यांनो, आता द्या की.”

“व्हय म्हाराजा.” देवळावरची कबुतरं उडाली.

मग तो बोलत गेला. नकळत तोंड सुटलं, पोटात पाप नव्हतं, तेवढं पदरात घे. इथे असलेल्यांना संभाळ, मुंबईला, दुबईला, मस्कतला असलेल्यांना संभाळ. पाराशी आमची मुरादची पोर उभी हाय, तिच्या हाताला यश दे. प्रत्येक वाक्याला हुंकार येत होता. तसनीम पाराला टेकली होती ती सरळ उभी राहिली.

सगळं मागून झालं. नेहमी तो इथे नारळ फोडतो. त्या दिवशी नारळ हातात धरून तसाच उभा राहिला. मग हळू, मला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाला, “आणि देवा, माझ्यामागं हे बोलायला कुणीतरी दे.”

मागच्या मोठ्या माणसांपर्यंत ते पोचलं नाही. पोरं पुढे सरकून त्याच्या पायाशीच बसली होती, त्यांच्यापर्यंत पोचलं. पहिला हुंकार त्यांचा आला. माझ्या अक्षदाचा सगळ्यात वरचा, तोंडात कुरमुरे असताना. मोठ्या माणसांचा मागाहून आला.

येसाजीने वळून पोरांकडे बघितलं, एकेकाकडे, जणू कुणाचा आवाज होता ते शोधत. मग नारळ अक्षदाच्या हाताला लावला आणि म्हणाला, “धर गो नीट. फोडायचा कसा, ते आधी शिक. बोलायचं मागाहून.”