मंगळवारी पाहुणे, शुक्रवारी मुलाखत

त्या आठवड्यात माझ्या दोन मुलाखती होत्या. मंगळवारी मला बघायला पाहुणे येणार होते आणि शुक्रवारी पुण्यात पत्रकारितेच्या प्रवेशासाठी गटचर्चा आणि मुलाखत. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधीच बजावलं होतं, "एकदा जाऊन ये. नंबर लागला तर शीक. न्हाई लागला तर पाहुण्यांना होकार कळवायचा. मंग कुरकूर चालणार न्हाई." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गटचर्चेच्या सरावाला गट हवा. आमच्या गुंजवण्यासारख्या खेड्यात तो कुठून आणायचा? शेवटी घरच्यांनाच ओसरीवर बसवलं. मोबाईलमुळे गावं बदलली का, असा विषय दिला. थोरले चुलते म्हणाले, "बदलली की. पोरं बिघडली." झाली चर्चा! आमच्याकडे चुलते एकदा बोलले की त्यावर कोणी बोलत नाही. दादासुद्धा नाही. मी तोंड उघडलं तर काकीनं डोळे वटारले. "थोरल्यांच्या मधी बोलू न्हाई, किती येळा सांगायचं?" अहो, मध्ये बोलायचाच तर सराव होता! हसावं की रडावं तेच कळेना.

काकीनं घेतलेला सराव मात्र जोरात चालला होता. पाहुण्यांसमोर नजर कुठं ठेवायची, विचारलं तेवढंच कसं सांगायचं.

"फुडं शिकायचं हाय का, असं इचारलं तर काय म्हणशील?"

"हाय म्हणेन."

"अगं बये! तुमी म्हणाल तसं, असं म्हणायचं."

भाकऱ्या थापता थापता तिनं ते माझ्याकडून इतक्यांदा म्हणवून घेतलं की मंगळवारी ते बिनचूक आलं. पाहुण्यांना मी पसंत पडले. मला मात्र स्वतःचाच संताप आला.

शुक्रवारी भाताची लावणी सोडून दादा माझ्यासोबत एसटीनं आले. पोरगी एकटी कशी जाईल म्हणून. गटचर्चेत आम्ही आठजण होतो आणि विषय निघाला, धरणं आणि विकास. माझाच विषय की! आमची खालची जमीन धरणात गेलेली. पण समोरचा मुलगा बोलत होता. तो थांबला की बोलू, म्हणून मी थांबले. तो थांबायच्या आत दुसरी सुरू झाली. कोणी थांबायचं नावच घेईना. शेवटी मी शाळेत करतात तसा हात वर केला. परीक्षक मॅडमनी तो पाहिला आणि मला बोलायला सांगितलं. मी म्हणाले, "आमची जमीन पाण्याखाली आहे. तिचा बांध कुठून जायचा ते माझे वडील अजून काठावरून हात करून दाखवतात." तेवढ्यात वेळ संपला.

मग मुलाखत. त्याच मॅडम आणि दोन सर. मॅडम म्हणाल्या, "दोनच वाक्यं बोललीस, पण सगळ्यांत खरं तूच बोललीस." माझ्या जिवात जीव आला. लागतोय नंबर, असं वाटायला लागलं. मग त्यांनी विचारलं, "बातमीसाठी कुठंही, केव्हाही जावं लागतं. घरच्यांनी नको म्हटलं तर काय करशील?"

या प्रश्नाचं उत्तर मी वहीत पानभर लिहून पाठ केलं होतं. पण तोंडातून आलं, "ते म्हणतील तसं."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे, ये तू." मी उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि वाकून तिघांच्या पाया पडले. मॅडम "अगं, अगं" करत खुर्ची मागं सरकवत होत्या. दाराबाहेर आल्यावर मी काय करून बसले ते मला कळलं.

दादा बाहेर पायरीवर बसले होते. "काय इचारलं?"

"घरच्यांनी नको म्हटलं तर काय करशील, असं विचारलं."

"मंग? काय म्हणलीस?"

"ते म्हणतील तसं, म्हणाले."

दादांचा चेहरा असा फुलला की मी खाली बघितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"शाब्बास," ते म्हणाले. "आता तुझा नंबर लागला म्हणूनच समज."