दारावरची पिवळी रेघ

लेकीकडे अमेरिकेत गेले होते. तिच्या शेजारचे आजोबा रोज सकाळी अंगणातला जुना लाल ट्रक पुसत. त्या गावात पूर्वी ट्रकचा कारखाना होता. पुढे कंपनी विकली गेली, कारखाना बंद पडला, माणसं पांगली.

एकदा ट्रकच्या दारावरच्या पिवळ्या रेघेपाशी त्यांचा हात अगदी हलका झालेला दिसला. लेकीकरवी मी कारण विचारलं.

"ही रेघ माझ्या बायकोनं ओढलीय. ती कारखान्यात रंगकामाला होती," ते म्हणाले. "ती गेल्यावर हा ट्रक शोधून आणला."

कंपनीच्या इतिहासात मालकांची नावं असतील. ही रेघ कुठे असणार?

मी रेघेवरून बोट फिरवलं. एके ठिकाणी ती किंचित वाकडी होती.

"त्यावरूनच तर ओळखला," आजोबा हसले. "रेघ ओढताना पोटातल्या आमच्या लेकीनं लाथ मारली होती."