दोन वर्षांसाठी वर केलेला हात

जतमधल्या एका सहकारी बँकेत याकूब शिपाई आहे. पेन्शनला आलेल्या म्हाताऱ्यांना तो आधी पंख्याखाली बसवतो, मग काम विचारतो. कोविडातही तोंडाला रुमाल बांधून रोज यायचा.

त्याच काळात चेअरमन हंबीररावांनी सगळ्यांना बँकेच्या आवारात उभं केलं. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. "बँक अडचणीत हाय. दोन वर्षं महागाई भत्ता सोडायचा. हात वर करा." पहिला हात याकूबचा. नोकरी आण्णांनीच लावली होती. त्याच्यामागे सगळे हात वर गेले.

दोन वर्षं सरली, भत्ता परत आला नाही. कर्मचारी सांगलीच्या कोर्टात गेले. बँक म्हणाली, कपात यांनीच मान्य केली. पहिला हात त्याचा, म्हणून कर्मचाऱ्यांकडून साक्ष याकूबवर आली.

आदल्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

"आण्णांसमोर कसं बोलू?"

"खोटं बोलायचं हाय का?" बायकोने, सुरय्याने विचारलं.

"न्हाई."

"मग जेवा. उपाशी माणसाचा आवाज फुटत न्हाई."

कोर्टात आण्णा मागच्या बाकावर बसले होते. बँकेच्या वकिलाने विचारलं, "हात वर केला होता?"

"व्हय. पयला मीच."

"जबरदस्ती?"

"न्हाई. आण्णांनी मागितलं. दोन वर्षं म्हणाले, तेवढ्यासाठी."

"लेखी आहे?"

याकूबला प्रश्नच विचित्र वाटला. "आण्णांचा शब्द लेखी कोण मागतंय?"

कोणीतरी हसलं. आण्णा हसले नाहीत.

बाहेर चहाच्या गाड्यावर याकूब एकटाच उभा होता. त्याचे सोबती लांब थांबले होते, कारण आण्णा त्याच्याकडेच येत होते. गेल्या वर्षभरात ते किती वाकले, हे त्याला आत्ता दिसलं.

"उलटलास व्हय रं माझ्यावर?"

"आवं आण्णा, तुमचाच शब्द सांगितला की."

याकूबने त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा सांगितला. त्यांना साखर चालत नाही, हे त्याला माहीत होतं. म्हाताऱ्याने कप हातात घेतला. याकूबने खालून बशी धरली.

वकील घाईने आला. "साहेब, निघू या. साक्षीदाराशी बोलू नका."

"माझी साक्ष कवा हाय?"

"तुमची गरजच नाही. दोन वर्षांचं कागदावर काहीच नाही, आपल्याला बरंच आहे ते."

आण्णांनी चहा संपवला. मग म्हणाले, "ठेवा माझी साक्ष. दोन वर्षं म्हणालो हुतो मी."

बशी अजून याकूबच्या हातात होती. ती कुठे ठेवायची, हे त्याला कितीतरी वेळ सुचलं नाही.