उपसरपंचांच्या सहा गैरहजेऱ्या

मी सूड घेतला आणि तो कायद्यानं घेतला. लोक सांगतात, राग गिळावा, मन मोठं करावं. ज्याला करायचं त्यानं खुशाल करावं. माझं मन तेवढं मोठं नव्हतं आणि आजही नाही.

नव्वदच्या दशकात घटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती झाली, आणि शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या पलीकडच्या आमच्या गावाचं सरपंचपद अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघालं. नऊ सदस्यांत तशी मी एकटीच. बौद्ध वस्तीतली सून, सातवी पास, दुसऱ्याच्या कांद्यात खुरपायला जाणारी. त्याच दिवशी आप्पा उपसरपंच झाले. गावची दूध डेअरी त्यांची, आणि त्याआधी कैक वर्षं सरपंचही तेच. खुर्ची गेली, तीही कुणाकडं गेली, म्हणून त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड.

पहिल्याच ग्रामसभेत त्यांनी मला मारुतीच्या देवळापुढं उभं करून परीक्षा घेतली. दुरुस्ती कितवी? त्यात काय लिहिलंय? घटना कुणी लिहिली हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, पण दुरुस्तीचा आकडा मला ठाऊक नव्हता. मग आप्पा गावाकडं वळून म्हणाले, "हिचं माहेर यवतकडचं, म्हंजी दौंड तालुका. ही आपल्या गावची नागरिक कशी? पाव्हणीनं पाव्हणीवानी ऱ्हावं. च्या प्यावा आन् जावं."

सगळं गाव हसलं. त्यात आमच्या वस्तीतलीही दोन माणसं होती, त्यांची तोंडं मी विसरलेली नाही. माझा नवरा मागं पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा होता. घरी येऊन मी चूल पेटवली नाही. त्या दिवशीच ठरवलं, ह्या माणसाला मी खाली उतरवणार.

पुढच्या महिन्यात शिरूरला नव्या महिला सदस्यांचं दोन दिवसांचं शिबिर झालं. तिथं प्रश्नोत्तरांची एक पुस्तिका मिळाली. सरपंचबाईऐवजी तिच्या नवऱ्यानं सही केली तर चालते का? नाही. लग्न होऊन आलेली बाई सासरच्या गावात उभी राहू शकते का? मतदारयादीत नाव असलं की झालं. राखीव जागा म्हणजे बाकीच्यांवर अन्याय नाही का? ह्याचं उत्तर पाऊण पान होतं. भाकरी थापता थापता मी ती पुस्तिका तोंडपाठ केली.

त्यात सहा महिन्यांचे दोन नियम होते. निवडीनंतर सहा महिने सरपंचावर अविश्वास आणता येत नाही, हा पहिला. जो सदस्य पंचायतीची रजा न घेता सलग सहा महिने सभेला येत नाही, त्याची जागा आपोआप रिकामी होते, हा दुसरा.

पहिला नियम आप्पांना पक्का माहीत होता. "सहा महिनं दम खा, मग हिला घरी बसवू," असं ते डेअरीवर उघड सांगायचे. अविश्वासाला नवांपैकी सहा सह्या लागत होत्या. पाच त्यांनी जमवल्या होत्या, आणि सहावी त्यांची स्वतःची.

दुसऱ्या नियमाकडं त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यांच्या काळात सभा भरायचीच नाही. शिपाई प्रोसिडिंगचं पुस्तक काखेत मारून घरोघर फिरायचा, आणि मंडळी बाजेवर बसल्या बसल्या सह्या ठोकायची. उंटावरून शेळ्या हाकायची सवय जडलेली. मी ग्रामसेवकाला सांगितलं, यापुढं दर महिन्याला सभा ऑफिसातच होईल आणि पुस्तक कपाटाबाहेर जाणार नाही. त्याला घाम फुटला, पण कायदा त्यालाही माहीत होता.

आप्पांचे पाच जण सभेला यायचे, चहा प्यायला आणि गंमत बघायला. आप्पा नाही आले. तिच्या हाताखाली मांडीला मांडी लावून बसू काय, म्हणाले. दर महिन्याला शिपाई सभेची नोटीस घेऊन डेअरीवर जायचा. आप्पा नोटिशीच्या वहीत 'पाहिली' असं लिहून खाली ऐटीत सही करायचे. एकदा तर त्यांनी 'वेळ नाही' असंही लिहून दिलं. एकेक सही आली की मला गोड जेवल्यासारखं वाटायचं.

त्याच दिवसांत बाया मला प्रश्न विचारायला यायला लागल्या. गावातल्याही आणि वस्तीतल्याही यायच्या, कुणी परसदारानं, कुणी हौदावर गाठून. माझं नाव यादीत न्हाई, मी मत कसं देऊ? नवऱ्यानं टाकलेल्या बाईच्या नावावर घर लागतं का? ग्रामसभेत बाईनं बोललं तर चालतं का? मला येत असेल ते सांगायची, नसेल येत तर एसटीनं शिरूरला जाऊन विचारून यायची. कायदा सगळ्यांना सारखा, हे माझं पालुपद. जात बघून मी एकीलाही परत पाठवलं नाही, आणि ह्याचा मला केवढा तोरा होता.

पाचव्या महिन्याच्या नोटिशीवर सही झाली आणि दोनच दिवसांत आप्पांच्या पायाची जखम साखरेमुळं चिघळली आणि त्यांना शिरूरला दवाखान्यात ठेवलं. सभेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, आप्पांची बायको आमच्या दारात आली. आम्ही त्यांना काकी म्हणायचो. वस्तीत त्यांचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. मी पाणी दिलं. वाटलं होतं, तांब्याला शिवणार नाहीत. त्या घटाघटा प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बाई, हे तर दवाखान्यात हायत. मीटिंगला येता येत न्हाई म्हणून काय चिठ्ठी द्यावी लागती का?"

उत्तर मला पानासकट पाठ होतं. एका ओळीचा अर्ज पुरला असता. आजारी माणसाला रजा कुणीही नाकारली नसती, आणि आप्पांची जागा वाचली असती. मग माझी गेलीच असती.

"न्हाई काकी," मी म्हणाले, "काय गरज न्हाई. आधी त्यांना बरं होऊ द्या."

त्यांनी मला हात जोडले आणि गेल्या.

सहा महिने भरले ते नेमके पितरांच्या पंधरवड्यात. पाच जण आप्पांना म्हणत होते, चला तहसीलला, अर्ज टाकू. आप्पा तोवर काठी टेकत घरी आले होते. म्हणाले, पितरांत चांगलं काम करू न्हाई, घट बसू द्या. मला कसले घट आणि कसली पितरं? त्याच पंधरवड्यात मी सहावी सभा लावली. सहा नोटिसा, त्यांच्या सहा सह्या मोठ्यानं वाचून दाखवल्या आणि उपसरपंचांची जागा रिकामी झाल्याची नोंद करून घेतली. पाच जणांच्या हातातला चहा हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी कागद रजिस्टर पोस्टानं तालुक्याला गेले. घट बसल्यावर आप्पा सहा सह्या घेऊन पोचले, तर तिथं पाचच धरल्या. सहावी सही सदस्याची नव्हती.

दोन दिवसांनी ते माझ्या दारात आले. मागं काकी होत्या. "आजारपणाची रजा मंजूर व्हती असं मागल्या तारखेनं लिहा," आप्पा म्हणाले. "तुमच्या हातात हाय." मला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही म्हटलं.

"रजा सभा देती आप्पा, मी न्हाई," मी म्हणाले. "आन् सभेत आता तुम्ही न्हाई."

ते वळले आणि लंगडत उतारानं गेले. ते दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिले. इतकं सुख मला कुठल्या सणानं दिलं नाही.

काकी दारातच उभ्या होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "मी तुम्हाला इचारलं व्हतं."

"व्हय," मी म्हणाले.

आप्पांना मी पुन्हा पाडीन, शंभरदा पाडीन. पाच वर्षं मी खुर्चीवर बसले, आणि बाया शेवटपर्यंत विचारायला येत राहिल्या. काकी हौदावर भेटायच्या, घागर भरायच्या आणि जायच्या. त्यांनी मला पुन्हा कधी काही विचारलं नाही.