एका चाळीत दोन केरबा

आदरणीय केरबा तात्यांची आणि माझी ओळख माझ्याच नावाच्या घोळातून झाली. दहावीचा फॉर्म भरताना शाळेने जन्मदाखला मागितला आणि तेव्हा घरात पहिल्यांदा कळले की सरकारी कागदावर माझे नाव ‘बेबी’ आहे. प्रसूतिगृहाच्या चिठ्ठीवर होते तेच रजिस्टरात उतरले होते आणि नंतर खरे नाव घालायला कोणी गेलेच नव्हते. आई मला लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेली. जन्म-मृत्यू नोंदणी खात्यातून निवृत्त झालेले तात्या तिथे गॅलरीत टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहून देत असत. आजही देतात. माझा दाखला वाचून त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

“या बेबीताई का? नमस्कार.”

मी रडकुंडीला आले होते, तरी हसू फुटले.

“अगं, घाबरतेस काय? या वॉर्डात इतक्या बेब्या आहेत की त्यांचं मंडळ काढता येईल.”

अर्ज लिहून झाल्यावर त्यांनी नाव मोठ्याने वाचले, “मनाली.” मग म्हणाले, “हां, आता तू जन्मलीस.” पुढे कॉलेजचा प्रवेश, फीमाफी, पदवीचा अर्ज, प्रत्येक कागद त्यांच्या नजरेखालून गेला. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. निकालाच्या दिवशी आईने पेढे देवापुढे ठेवले आणि लगेच तात्यांच्या टेबलावर.

तात्यांना नावांचा नाद आहे. नोकरीत असताना वेगळे नाव दिसले की ते आपल्या वहीत टिपून ठेवत. मी एकदा भीत भीत त्यांच्याच नावाचा अर्थ विचारला. ते म्हणाले, “केर म्हणजे कचरा. ज्या घरात पोरं जगत नसत, तिथं नवं बाळ सुपात घालून केरावर ठेवायचे. शेजारीण उचलायची. आईनं म्हणायचं, हे माझं नव्हे. मृत्यूला वाटावं, कचराच आहे, काय करायचाय. धोंडू, दगडू, उकिर्डा, सगळी आमचीच भावंडं.” ते नोकरीला लागले तेव्हा घाटावरून गिरणगावात आलेल्या घरांतून दरवर्षी एखाददुसरा केरबा रजिस्टरात येत असे. मग लसी आल्या, दवाखाने सुधारले आणि ते नाव येईनासे झाले. याचे तात्यांना दुःख नव्हते. “माझं नाव कोणाला लागू नये, हीच प्रगती,” असे ते म्हणत.

त्यांच्या कामाची पद्धत त्यांचे जुने सहकारी पेडणेकर काका सांगतात. मूल गेलेली आई नोंद करायला आली की तात्या तिला त्या मुलाचे नाव उच्चारायला लावत नसत. दवाखान्याच्या कागदावरून ते स्वतः लिहीत आणि रजिस्टर तिच्याकडे फिरवत. तिने नुसते बोट ठेवायचे. जन्माची नोंद मात्र ते लिहून झाल्यावर खणखणीत वाचत. “आम्हाला वाटायचं, हा माणूस नाटकात होता की काय,” पेडणेकर काका म्हणतात. मृत्यूच्या रजिस्टरातले एकही नाव तात्यांनी कधी मोठ्याने वाचले नाही. ते असे का करत, हे मला दोन वर्षांपूर्वी कळले.

माझ्या वहिनीची पहिली दोन बाळे महिन्याच्या आत गेली होती. तिसरा मुलगा परळच्या इस्पितळातून सुखरूप घरी आला. बाराव्या दिवशी बारसे ठरले. मी आत्या, म्हणजे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. मी ‘निहार’ ठरवले होते. ते मी कोणालाही सांगितले नव्हते, कुठे लिहिलेही नव्हते.

नवव्या दिवशी मी कामावरून आले, तर वहिनी बाळाला थोपटत सहज म्हणाली, “ताई, आपल्याकडे निहार कोण हो?”

“का?”

“दुपारी कोणाचं तरी पोर गॅलरीत हाका मारत होतं. निहार, ए निहार. अगदी आपल्या दाराशी. मी उठणारच होते, पण हा पीत होता.”

मी चारही मजल्यांवर विचारून आले. आमच्या चाळीत निहार नावाचे कोणी नव्हते, आणि दुपारी गॅलरीत कोणतेही मूल कोणाला दिसले नव्हते.

मी तात्यांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतले आणि पेनाला टोपण लावले.

“सूनबाईंनी ओ दिली का?”

“नाही.”

“बरं झालं.”

मग त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या परवानगीने इथे लिहिते. तात्यांच्या आधी त्यांच्या आईला तीन मुलगे झाले. तिन्ही वेळा, नाव ठेवायच्या आधी, आईने मनात धरलेल्या नावाने गॅलरीत कोणीतरी लहान मुलाच्या आवाजात हाक मारली. तिन्ही वेळा त्या माउलीने, शेजारचे पोर असेल म्हणून, “ओ, आले,” म्हटले. तिन्ही मुलगे गेले. चौथ्या वेळी तिने मनातसुद्धा नाव धरले नाही. बाळ सरळ केरावर ठेवले.

“आईनं हे सांगितलं तेव्हा मी नोकरीत होतो,” तात्या म्हणाले. “मी जुनी रजिस्टरं काढली. तिन्ही नोंदी सापडल्या. हाक काय, ती कुठं लिहिलेली नसते.”

“तात्या, योगायोग असेल.”

“असेल की. मीही स्वतःला तेच सांगतो.” मग त्यांनी विचारले, “ठेवशील निहार?”

“नाही,” विज्ञानाची पदवी घेतलेली मी म्हणाले.

“मग माझं घे,” ते म्हणाले.

आई ऐकताच धावत खाली आली. “तात्यानु, जित्या माणसाचा नाव पोराक ठेवतत काय? तुमचा आयुष्य कमी होयत!”

“मनालीच्या आई, त्र्याहत्तर वर्षं वापरलेलं नाव आहे. कुठं उसवलं नाही. पोराला पुरेल.”

“आणि तुमका?”

“मला काय, उरलंसुरलं चालेल.”

बारशाला मी बाळाच्या कानात ‘केरबा’ म्हटले. शेजारच्या पाटकर मावशी लगेच म्हणाल्या, “अगो, आजकाल लोका आरव ठेवतत, आणि तुमी केरबा? कचऱ्याची गाडी इली की हो आपणाकच बोलवल्यानी म्हणान धावतलो!” सर्वांत मोठ्याने तात्या हसले. नोंदणीच्या अर्जात नावाचा रकाना त्यांनी स्वतःच्या अक्षराने भरला आणि खणखणीत वाचला. आमचा केरबा महिना ओलांडून गेला, वर्ष ओलांडून गेला. आता तो जिन्यावरून एकटा उतरायला बघतो. त्यानंतर शेजारच्या चाळींतल्या दोन आया तात्यांकडे हेच नाव मागायला आल्या. दोघींनाही आधीची मुले गेल्याचे दुःख होते. तात्यांनी दोघींचे अर्ज लिहिले. पण त्या गेल्यावर त्यांनी टेबल आवरून ठेवले. रजिस्टरातून गेलेले नाव परत यावे लागते, हे त्यांना आवडलेले नाही.

गेल्या महिन्यात, एका रविवारी दुपारी, मी तात्यांच्या टेबलाशेजारी बसून त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त समिती काढत असलेल्या या अंकाच्या लेखकांची यादी त्यांना वाचून दाखवत होते. केरबा माझ्या मांडीवर पेंगत होता. जिन्यातून एका लहान मुलाच्या आवाजात हाक आली, “केरबा.”

चाळीत तात्यांना कोणी नुसत्या नावाने हाक मारत नाही. बाळाला सगळे बाबू म्हणतात.

बाळ सध्या कोणत्याही हाकेला ओ देते. त्याने डोळे उघडले, तोंड उघडले. तात्यांनी पुढे होऊन आपला तळवा अलगद त्याच्या ओठांवर ठेवला आणि जिन्याकडे तोंड करून स्पष्ट आवाजात म्हणाले, “ओ. मीच केरबा.”

वर कोणी आले नाही. पायांचा आवाजही झाला नाही. तात्यांनी बाळाचा गाल पुसला, चष्मा नीट केला आणि म्हणाले, “हं, पुढचं नाव वाच.”

त्यानंतर त्यांची तब्येत उत्तम आहे. रक्तदाब मी स्वतः दर आठवड्याला तपासून घेते आणि आई त्यांना रोज विचारून विचारून हैराण करते. माझे शिक्षण मला सांगते की जिन्यात खालच्या मजल्यावरचे कोणीतरी मूल असेल. पण त्या क्षणी तात्यांना तसे वाटले नव्हते आणि तरीही त्यांनी ओ दिली. उपकार हा शब्द मी यापूर्वी अनेक अर्जांच्या शेवटी लिहिला आहे. त्याचा अर्थ मला त्या दुपारी कळला.

लेखाचा शेवट दीर्घायुष्याच्या शुभेच्छांनी करावा, अशी समितीची सूचना आहे. माझी समितीला उलट एक विनंती आहे. पंच्याहत्तरीच्या समारंभात ही शुभेच्छा व्यासपीठावरून एकट्याने वाचू नये. सभागृहात जमलेल्या सर्वांनी उभे राहून, एका आवाजात, जिन्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणावी: केरबा तात्या अजून खूप वर्षे आमचे आहेत. ते निरोगी राहोत, उदंड जगोत.