टीव्हीला शिवलेला कोट

काही माणसांच्या ठायीचे कुतूहल वयाबरोबर ओसरत नाही; ते मुरत जाते. आमच्या गल्लीच्या वळणावर शिवणकामाचे दुकान चालवणारे मास्तर अशांपैकी एक. कोणतीही नवी वस्तू हाती आली की ते ती आधी उलटी करून पाहतात. शिलाईचा खरेखोटेपणा अस्तराच्या बाजूला कळतो, हा त्यांच्या व्यवसायाचा सिद्धांत. आणि तो ते छत्रीपासून कुलपापर्यंत सर्व पदार्थांना सारख्याच निष्ठेने लावतात.

दुकानामागच्या खोलीत ते आणि त्यांची थोरली बहीण, अक्का, अशी दोघेच राहतात. अक्कांचा उभा जन्म काजे करण्यात आणि बटणे लावण्यात गेला. आता त्यांच्या दृष्टीला उजेड आणि अंधार एवढाच भेद उरला आहे. संध्याकाळी यंत्राची घरघर थांबली की दोघे टीव्हीसमोर बसत, आणि त्या प्रेक्षणाची त्यांनी आपसांत वाटणी करून घेतली होती: शब्द अक्कांचे, पोशाख मास्तरांचा.

"अंगात काय आहे रे तिच्या?"

"निळा कोट. खांदे उतरलेत."

"उतरणारच. रेडिमेड असणार. बाह्या?"

"बोटांपर्यंत आल्यात."

"अगंबाई! मग ही बाई भांडणार कशी, हात बाहेर काढल्याशिवाय?"

एका मालिकेत एक महाकंजूष घरमालक होता. त्याचे वाक्य पुरे होण्याच्या आत अक्का हसत. मास्तरांचे हसू मागून येई. घरमालकाच्या नुसत्या श्वासावरून पुढची खोच अक्कांना कळे. घराबाहेरचे जग त्यांच्यापाशी आता या आवाजांच्या वाटेनेच येत होते.

म्हणून तो जुना, पोट सुटलेला टीव्ही एके दिवशी कायमचा मुका झाला, तेव्हा अक्का जे बोलल्या त्यावर मास्तरांनी विश्वास ठेवला नाही. "मला कुठं चित्र दिसत होतं? नवा घेऊ नकोस उगीच," असे त्या म्हणाल्या खऱ्या, पण संध्याकाळ झाली तशा आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या, आणि त्या निःशब्द खोक्याकडे तोंड करून बसूनच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर गळ्यात टेप घेऊन विजेच्या वस्तूंच्या दुकानात गेले. खिसा बेताचाच होता. त्या बेतात बसणारे दोनच टीव्ही तिथल्या विक्रेत्या मुलीने त्यांच्यापुढे ठेवले. एक मोठा, झगझगीत. दुसरा त्याहून लहान, रंगाने जरा फिका.

"हा धाकटा बत्तीस इंची आहे, काका."

मास्तरांनी टेप आडवी लावली. "इथं तर अठ्ठावीससुद्धा भरत नाहीत."

"तसं नाही मोजत. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरकं."

"म्हणजे उरेब!" मास्तरांचा चेहरा उजळला. कापड तिरके धरून कापतात त्याला शिंपी उरेब म्हणतात. आपल्या विद्येतील शब्द परक्या मुलखात भेटल्याचा तो आनंद होता. "अहो, आम्ही गिऱ्हाइकाची छाती खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी मोजली, तर गल्लीत सगळे पैलवानच निघतील की!"

ती मुलगी मनापासून हसली. मग मास्तरांनी दोन्ही टीव्हींवर एकच बातम्यांचा कार्यक्रम आळीपाळीने लावायला सांगितला, आणि ते डोळे मिटून उभे राहिले.

"काका, चक्कर येतेय का? खुर्ची देऊ?"

"नको, नको. बघतोय."

"डोळे मिटून?"

"बघणारा मी एकटा आहे हो. ऐकणारी घरी बसलीय."

मोठ्या टीव्हीतला निवेदक मास्तरांना टाचण्या तोंडात धरून बोलणाऱ्या शिंप्यासारखा वाटला; शब्द ओठांतच अडकत होते. धाकट्यात मात्र एकेक अक्षर इस्त्री केल्यासारखे सुटे आणि सरळ येत होते. निवड तिथेच झाली. तरी रिवाजाप्रमाणे त्यांनी तो धाकटा फिरवून पाठीमागून न्याहाळला. खालच्या कडेला बारीक भोकांच्या ओळी होत्या.

"ही कशाला?"

मुलीला तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाने हाक मारली. "असतात तशी, काका," एवढे म्हणून ती गेली. मास्तरांसारख्या जिज्ञासूने त्या उत्तरावर समाधान मानले, हेच नवल.

घरी आल्यावर त्या भोकांनी त्यांचा पिच्छा पुरवला. शिंप्याच्या घरात कापडाचा बुरा हवेतच तरंगत असतो. भांड्यांत जातो, केसांत जातो. तो या भोकांतून आत शिरला तर नवी वस्तू दोन दिवसांची सोबतीण. मास्तरांनी उपाय योजला तो आपल्या कुलविद्येला साजेसाच. एका जुन्या ओव्हरकोटाचे जाड लोकरी कापड काढून त्यांनी टीव्हीला कोट शिवला. पाठीला अस्तर, कडांना दुहेरी शिलाई, तारांसाठी एक सुबक काज, आणि समोरची बाजू अर्थातच मोकळी. तोंड उघडे असले म्हणजे बोलता येते, हे त्यांचे अनुमान. आणि मनुष्यजातीपुरते ते अगदी निर्दोष होते.

त्या संध्याकाळी घरमालक आला, बोलला, अक्का हसल्या. दुसऱ्या दिवशीही हसल्या. मास्तरांचे मात्र कशात लक्ष लागेना. सगळे यथास्थित असून काहीतरी उसवले आहे असे वाटत राहिले. तिसऱ्या संध्याकाळी ते उमगले. अक्का त्यांच्या मागून हसत होत्या. आधी मास्तर, मग अक्का. आणि त्या एकदाही विचारत नव्हत्या, अंगात काय आहे तिच्या?

मास्तरांनी मग एक परीक्षा घेतली, जिची त्यांना पुढे फार दिवस लाज वाटली. घरमालकाची म्हातारी मांजर मेली होती आणि तो भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होता. त्या क्षणी मास्तर मोठ्याने हसले.

अक्काही हसल्या.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. "अक्के," ते हळूच म्हणाले, "आत्ता तो रडत होता गं."



"मग तू का खिदळलास, मेल्या?"

"तुला ऐकू येतंय का ते बघत होतो."

अक्कांनी पदर झटकावा तशी मांडीवरची दोऱ्याची गुंडी बाजूला सारली. "नाही येत. सगळे तोंडात टाचण्या धरून बोलतायत. तू एवढा हौसेनं आणलास, आता कुठं म्हणू, परत कर म्हणून?"

"पण दुकानात तर स्वच्छ ऐकू येत होतं!" हे म्हणता म्हणता एक भयंकर शंका मास्तरांच्या मनात आली. डोळे गेले, आता कानही?

अक्कांना ती शंका न सांगता कळली. "कान शाबूत आहेत माझे. मघाशी पुढं दुकानात तुझी कात्री पडली ती आधी कुणाला ऐकू आली? वस्तू आणलीस म्हणून नुसतं सांगितलंस. हात तरी लावू दिलास का? चल, ऊठ, ने मला तिच्यापाशी."

त्यांनी टीव्हीवरून हात फिरवला. नव्या गिऱ्हाइकाचे अंग जोखावे तसा, वरून खाली. कोट हाताला लागताच थबकल्या. "हे काय? लोकर?"

"धूळ जाऊ नये म्हणून…"

"गप." त्यांची बोटे पाठीमागे खालच्या शिवणीवर स्थिरावली. "धाकट्या, इकडे हात आण. कापड थरथरतंय इथं. तो बोलला की थरथरतं, गप्प झाला की थांबतं."

मास्तरांनी हात लावला. बोटांखाली घरमालक खरोखरच मुसमुसत होता.

"अरे शहाण्या," अक्का म्हणाल्या, "ह्याचं तोंड मागं आहे! तू तोंडावर अस्तर शिवलंस."

ज्याने आयुष्यभर प्रत्येक वस्तू उलटी करून पाहिली, त्याने ही वस्तूही उलटी केली होती, ती भोके स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि मग त्यांवर दुहेरी शिलाई मारली होती.  मास्तरांनी कात्रीकडे हात नेला तो अक्कांनी अडवला. नखाने टाक्याचे टोक शोधले आणि शिवण सरसर उसवत नेली. उघड्या डोळ्यांनाही इतके नेमके साधले नसते.

"मापाला मात्र चोख बसला होता हो," कोट घडी करत त्या म्हणाल्या. "धुळीचं म्हणशील, तर रोज सकाळी मी फडक्यानं पुशीन. ते काम माझं."

आवाज भिंतीवर आपटून पुढे यावा म्हणून टीव्ही भिंतीशी पाठ करून, मध्ये चार बोटे जागा सोडून ठेवला गेला. मांजरीचे दुःख आवरून घरमालक दाराशी आला. तिथे निळ्या कोटवाली भाडेकरीण उभी होती. तिच्या कॉलरचे एक टोक आत मुडपलेले मास्तरांनी हेरले आणि ते जरा पुढे वाकले. तेवढ्यात अक्का खळखळून हसल्या.

"काय गं? काय म्हणाला तो?" मास्तरांनी विचारले.

"तू आधी सांग," अक्का म्हणाल्या, "अंगात काय आहे तिच्या?"