मुखपृष्ठावरची मावशी

सडक अर्जुनीला आमचं औषधांचं दुकान आहे. खोकल्याची बाटली आणि ताकदीच्या गोळ्या देता देता, त्याच काउंटरवर मी माझी पहिली कादंबरी लिहिली. कोहमाऱ्याच्या फाट्यावर ढाबा चालवणारी एक बाई एके दिवशी चूल विझवते आणि रायपूरकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये बसून निघून जाते, अशी तिची गोष्ट.

एका प्रकाशकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने कळवलं, कथा चांगली आहे, पण संवाद प्रमाण मराठीत करून द्या. आता माझी ढाबेवाली 'मी जाऊन राहिली' म्हणणार नसेल तर ती जाणार तरी कशी? मी पुस्तक स्वतःच छापायचं ठरवलं. नवरा म्हणाला, "छाप. फक्त गठ्ठे दुकानात ठेवू नको, सलाइनच्या खोक्यांनाच जागा पुरत नाही."

गोंदियाच्या ज्या प्रेसमध्ये मी गेले, तिथे लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं छापायचे. मालकाने मजकुराकडे न बघताच विचारलं, "मॅडम, कवर पे क्या डालना है? कवर अच्छा, तो किताब अच्छी." मग त्याने कॉम्प्युटरवर चित्रं दाखवली. मावळता सूर्य, पाण्यातलं कमळ, केस मोकळे सोडलेली एक परदेशी मुलगी. माझी ढाबेवाली त्यात कुठेच नव्हती.

ती मला दुकानासमोरच दिसली. माझी मावशी, आईची मोठी बहीण, जवळच्याच खेड्यात राहते. घरी धानाची शेती, दोन सुना आणि त्या दोघींना पुरून उरेल असा आवाज. बीपीच्या गोळ्या घेऊन ती रस्त्याच्या कडेला ऑटोची वाट बघत उभी होती. खांद्याला पिशवी, एक हात कमरेवर, नजर हायवेवर. जणू ऑटो आला नाही तर ट्रकच थांबवेल. मी धावत गेले आणि तिला सांगितलं, "मावशी, पुस्तकावर तुझा फोटो टाकायचा आहे. पाठमोरा."

"काढ न मंग," ती म्हणाली. 'पाठमोरा' हा शब्द तिने कानाआडच केला असावा, कारण दुसऱ्या दिवशी कोहमाऱ्याच्या फाट्यावर ती आली ती तोंडाला पावडर लावून, लेकाच्या लग्नातलं जांभळं लुगडं नेसून. ढाब्यावर जेवणारे ड्रायव्हर हातातला घास थांबवून बघायला लागले.

"मावशी, आता जरा तिकडे तोंड कर."

"कायले? तिकडे काय हाय?"

"रायपूर."

"मले नाई पाहाचा रायपूर. तू इकडूनच काढ."

मी इकडून भरपूर काढले आणि शेवटी एक ट्रक मोठ्याने हॉर्न देत गेला, तशी ती त्याला झापायला वळली, तेव्हा तिकडूनही एक काढला. प्रेसवाला तोच बघून खूश झाला. "यही डालो मॅडम. पीछे से सस्पेन्स रहता है."

प्रकाशन दुकानासमोरच ठेवलं. मंडप घातला, गोंदियाहून एक निवृत्त प्राध्यापक बोलावले. मावशी गावातल्या बायकांची जीप भरून घेऊन आली आणि पहिल्या रांगेत बसली. प्राध्यापकांनी कागद फाडला, पुस्तक उंच धरलं. टाळ्या सुरू झाल्या आणि त्यातून मावशीचा आवाज आला.

"हे कोन होय?"

"तूच तं होय," शेजारची म्हणाली.

"मंग माहा तोंड कुठी गेला?"

प्राध्यापक गोंधळले. मदत म्हणून त्यांनी पुस्तक उलटं करून दाखवलं. मागे माझा फोटो होता, हनुवटीला बोट लावलेला.

"पाहा! हिचा तोंड तं हाय!"

अख्खा मंडप हसला. प्राध्यापकांना मराठी कादंबरीतल्या स्त्रीप्रतिमेवर बोलायचं होतं, पण आधी हसू ओसरायची वाट बघावी लागली. मावशीने भाषण ऐकलं, आलूभात खाल्ला, एक पुस्तक पिशवीत टाकलं आणि माझ्याशी न बोलता जीपमध्ये जाऊन बसली. पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला तिने सुनेला पाठवलं. मला वाईट वाटत होतं. फोन केला की सून म्हणायची, आत्याबाई पुस्तक वाचून राहिल्या.

मग दुकानात वेगळीच गिऱ्हाइकं यायला लागली. आधी मावशीच्या गावच्या दोघी, मग तिच्या एका सुनेच्या माहेरचे, मग कचारगडच्या यात्रेहून परतताना थांबलेलं एक कुटुंब. सगळ्यांचं मागणं एकच: "तुमच्या मावशीचं पुस्तक द्या." चौकशी केली तेव्हा कळलं, मावशी जिथे जाईल तिथे पुस्तक काढायची, मुखपृष्ठ पुढे धरायची आणि विचारायची, "वळखा, कोन?" ओळखलं तर गोष्ट सांगायची. नाही ओळखलं तरी सांगायचीच. सांगताना 'ती बाई गेली' असं न म्हणता सरळ 'मी गेली' म्हणायची.

शेवटी ती स्वतः आली. गोळ्या मागायच्या आधी तिने काउंटरवर पुस्तक ठेवलं. पानांना हळदीचे डाग पडले होते.

"सगळा बराबर लिवला. पण शेवटी ते बाई वापस काऊन आली?"

"तिला घराची आठवण येते, मावशी."

"एवढ्या लवकर? मी तं नसती आली." तिने रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "माह्या लग्नाले चाळीसच्या वर वर्षं झाली. मी कुठी गेली का?"

मी तिच्यासाठी चहा मागवला. तो पिताना तिने माझ्या शेवटच्या प्रकरणाचं पार पीठ केलं आणि मीही हट्टाने भांडले. एवढं बारकाईने ते कोणीच वाचलं नव्हतं.

गठ्ठे संपले. दुसऱ्यांदा छापताना मी तिचा पावडर लावलेला फोटो मागच्या बाजूला, माझ्या शेजारी टाकला. शेवट मात्र बदलला नाही, त्यामुळे ती अजून धुसफुसते.

मागे गोंदियाच्या एका कॉलेजने मला बोलावलं, तेव्हा मी तिलाही सोबत नेलं. कार्यक्रमानंतर एक मुलगी सहीसाठी आली. मी आतल्या पानावर सही केली आणि पुस्तक मावशीकडे सरकवलं. तिने पेन घट्ट धरलं, पुस्तक मिटलं आणि मुखपृष्ठावर, जांभळ्या पदराच्या बरोबर मधोमध, एकेक अक्षर जोडत आपलं पूर्ण नाव लिहिलं. मागची मुलं खोळंबली होती. तिने मान वर करून त्यांना सांगितलं, "थांबा जरासे, आडनाव बाकी हाय."